तक्रारीचा क्रमांक, दुरुस्तीची नोंद

पुण्याहून सोलापूरला निघालेली गाडी भिगवण सोडते आणि जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे, पोफळज ही लहान स्टेशनं मागे टाकत जेऊरला येते. करमाळा शहरात लोहमार्ग नाही, त्यामुळे करमाळ्याचा माणूस जेऊरला उतरतो आणि पुढचा रस्ता एसटीने किंवा जीपने गाठतो. दिक्सळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, हा टप्पा ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने १८५९ मध्ये सुरू केला. जेऊर त्याच टप्प्यावर येतं.

अशा मार्गावर गाडी सोडायची तर एका स्टेशन मास्तरच्या मर्जीवर ती सुटत नाही. पुढच्या स्टेशनने 'लाइन क्लिअर', म्हणजे मार्ग मोकळा असल्याची परवानगी, द्यावी लागते. जेऊरहून कुर्डुवाडीच्या दिशेने पुढचं स्टेशन भाळवणी. ही देवाणघेवाण करणारं उपकरण बंद पडलं, फोनवरूनच परवानगी घ्यायची वेळ आली, तर शब्दावर विश्वास ठेवायचा नाही अशी रेल्वेची शिस्त आहे. परवानगी देणारा आपल्याजवळच्या गुप्त तक्त्यातला एक दोन आकडी 'प्रायव्हेट नंबर' सांगतो, घेणारा तो उतरवून घेतो, आणि वापरलेला आकडा तक्त्यावर खोडला जातो. दोन्ही स्टेशनांच्या ट्रेन सिग्नल रजिस्टरमध्ये तीच गाडी येते आणि वेळ मिनिटापर्यंत लिहिली जाते. दोन माणसं, दोन वह्या, मधे कित्येक किलोमीटर. तरी पुढे कधी चौकशी लागली तर दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवून कुणी, केव्हा, कशाच्या आधारावर गाडी सोडली हे वाचता येतं.

सॉफ्टवेअरच्या धंद्यातही अशा दोन वह्या असतात. पहिली वही तक्रारींची, तिला इश्यू ट्रॅकर म्हणतात. दुसरी दुरुस्त्यांची. प्रोग्रामचा मजकूर, म्हणजे कोड, आणि त्यातला प्रत्येक बदल जिथे जपला जातो ती ही जागा, म्हणजे कोड होस्टिंग. बगझिला, जिरा, रेडमाइन ही पहिल्या प्रकारची नावं. गिटहब, गिटलॅब, बिटबकेट ही दुसऱ्या प्रकारची. गिटहब आणि गिटलॅबमध्ये तक्रारवहीही आतच मिळते, पण अनेक मोठ्या प्रकल्पांनी आणि कंपन्यांनी दोन्ही वह्या वेगळ्या ठेवल्या आहेत. या दोन वह्या एकमेकींशी जोडायच्या कशा, आणि जोडल्या नाहीत तर नुकसान कुणाचं होतं, याचा विचार या प्रकरणात करायचा आहे.

वह्या वेगळ्या राहण्यामागे सबळ कारण आहे. तक्रार करणारा आणि दुरुस्ती करणारा हे बहुधा वेगवेगळे लोक असतात. तक्रार करणारा लिहितो, "माझ्या मोबाईलवर ॲ या अक्षराच्या जागी चौकोन दिसतो." ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्यापूर्वी बनलेल्या फॉन्टमध्ये ते अक्षर असण्याचं कारण नव्हतं, म्हणून चौकोन दिसायचा. दुरुस्ती करणारा आपल्या वहीत लिहितो, "अमुक फाइलमध्ये तमुक चिन्ह जोडलं." पहिल्या नोंदीत त्रास आहे, दुसरीत उपाय. मधला धागा नसेल तर दहा वर्षांनी तो बदल वाचणाऱ्या प्रोग्रामरला तो कशासाठी केला हे कळत नाही. तो उडवून टाकावा असंही त्याला वाटू शकतं, आणि चौकोन परत येतो. तक्रार करणाऱ्याला तर आपलं म्हणणं कुणी ऐकलं की नाही हेसुद्धा समजत नाही. मला यातला दुसरा तोटा अधिक गंभीर वाटतो. कोड पुन्हा वाचून समजून घेता येतो. एकदा उत्तर न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा तक्रार लिहायला येत नाही.

मराठी विकिपीडियाच्या चार वह्या

या जोडणीचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मराठी वाचकाच्या रोजच्या वापरातलं आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याचे लेख आपल्यासारखे लोक लिहितात, पण त्यामागचं मीडियाविकी हे सॉफ्टवेअर जगभरातल्या सगळ्या विकिपीडियांना एकच आहे. समजा, जेऊरची एक शिक्षिका आपल्या गावाचा लेख दुरुस्त करते आहे आणि संपादनाच्या खिडकीत तिला एखादं बटण चालत नाही असं दिसतं. किंवा मराठी विकिपीडियाची एखादी मांडणीच बदलायला हवी असं तिथल्या मंडळींना वाटतं. अशी मांडणी बदलायची असेल तर चर्चा आधी चावडीवर होते. मराठी विकिपीडियावर सामुदायिक चर्चेच्या पानाचं नावच चावडी आहे. तिथे एकमत झालं की त्या चर्चेचा दुवा देऊन फॅब्रिकेटर या तक्रारवहीत विनंती नोंदवली जाते. नोंदवताक्षणी तिला क्रमांक मिळतो: 'टी' हे अक्षर आणि पुढे आकडा. इथून पुढे सगळा प्रवास हा क्रमांक करतो.

कुणीतरी प्रोग्रामर काम हाती घेतो आणि बदल लिहून गेरिट या ठिकाणी पाठवतो. गेरिट म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी दुसऱ्यांनी तपासण्याची जागा. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने २०१२ मध्ये कोडमधले बदल जपण्याची सबव्हर्जन ही जुनी पद्धत सोडून गिट ही नवी पद्धत आणि गेरिट स्वीकारलं. प्रत्येक बदलासोबत एक संदेश लिहायचा असतो, त्याला कमिट मेसेज म्हणतात. त्याच्या तळाशी स्वतंत्र ओळीवर 'बग', अपूर्णविराम आणि तो टी-क्रमांक, एवढं लिहिलं की जोडणी झाली. गेरिटबॉट नावाचा एक स्वयंचलित खातेदार ही ओळ वाचतो आणि फॅब्रिकेटरवर त्या तक्रारीखाली लिहून ठेवतो की अमुक माणसाने या तक्रारीसंबंधी बदल पाठवला आहे.  तो बदल मंजूर होऊन मिसळला गेला, तर तेही तिथे येतं.

गिटची स्वतःची खूण ही बदलाच्या मजकुरावरून काढलेली ४० अक्षरांची लांबलचक ओळ असते. बदलात एक स्वल्पविराम जरी हलवला तरी ती संपूर्ण ओळ वेगळी होते. तपासणीच्या फेऱ्यांत एकाच कामाच्या अशा चार-पाच खुणा बनतात. म्हणून गेरिट संदेशात आणखी एक कायमची खूण घालतं, चेंज-आयडी, जी फेऱ्या कितीही झाल्या तरी बदलत नाही. तक्रारीचा टी-क्रमांकही बदलत नाही. या दोन न बदलणाऱ्या खुणांमुळेच बदलत जाणारं काम एका जागी बांधलेलं राहतं.

मिसळलेला बदल लगेच मराठी विकिपीडियावर दिसत नाही. विकिमीडियाकडे दर आठवड्याला नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने चढवतात आणि त्या फेरीला तिथले लोक ट्रेनच म्हणतात. मंगळवारी चाचणीच्या संकेतस्थळांवर, बुधवारी विक्शनरीसारख्या भगिनी प्रकल्पांवर, आणि गुरुवारी बहुतांश विकिपीडियांवर. बदल मिसळला की आणखी एक बॉट तक्रारीवर त्या आवृत्तीची चिठ्ठी लावतो. घाईचं काम असेल आणि ते ट्रेनची वाट न पाहता चढवलं, तर चढवणारा आपल्या कामाच्या रोजनाम्यात टी-क्रमांक लिहितो, आणि तीही नोंद आपोआप तक्रारीखाली येते.

आता मोजा. चावडीवरची चर्चा, फॅब्रिकेटरवरची तक्रार, गेरिटवरचा बदल आणि चढवण्याचा रोजनामा अशा चार वह्या झाल्या, आणि चारही एकाच क्रमांकाने जोडलेल्या. त्या शिक्षिकेला गेरिट म्हणजे काय हे माहीत असण्याची गरज नाही. आपल्या तक्रारीच्या पानावर येऊन ती वाचू शकते की काम कुणी घेतलं, कुठे अडलं, आणि कोणत्या आवृत्तीतून येणार. इतका पारदर्शक कारभार किती सार्वजनिक संस्थांत पाहायला मिळतो? आणि एवढं होण्यासाठी प्रोग्रामरला करावं लागतं काय, तर संदेशाच्या तळाशी एक ओळ लिहावी लागते.

निरोप पोचतो कसा

छोट्या गटाचं उदाहरण घेऊ, म्हणजे यंत्रणा नीट दिसेल. उजनी धरणाच्या पाण्यामुळे करमाळा तालुक्यात केळीची लागवड भरपूर होते. समजा, जेऊरमधले तिघे इंजिनिअर केळीच्या व्यापाऱ्यांसाठी पावत्यांचं ॲप बनवतात. तक्रारी जिरामध्ये, कोड गिटहबवर. एका व्यापाऱ्याने कळवलं की पावतीवर वजन क्विंटलमध्ये छापतं आणि बेरीज किलोत होते. जिरामध्ये तक्रार नोंदली गेली आणि क्रमांक मिळाला केळी-१२.

जिरातला क्रमांक असाच असतो: प्रकल्पाचं छोटं नाव, आडवी रेघ आणि आकडा. इथे मी तो देवनागरीत छापतो आहे, पण प्रत्यक्षात नावाची अक्षरं रोमन आणि मोठ्या लिपीतली असावी लागतात, आकडेही इंग्रजी. गिटहबच्या स्वतःच्या तक्रारींचंही तसंच: हॅशचिन्हापुढचा आकडा देवनागरीत लिहिला तर गिटहब तो ओळखत नाही. बाकीचा संदेश मात्र खुशाल मराठीत लिहावा; गिट तो जसाच्या तसा जपतं. "पावतीची बेरीज क्विंटलमध्ये केली" हे वाक्य त्या गटातल्या तिघांनाही मोडक्या इंग्रजीपेक्षा चटकन कळेल.

त्या तिघांपैकी एकीने दुरुस्ती केली, संदेशाच्या सुरुवातीला केळी-१२ लिहिलं आणि बदल गिटहबवर ढकलला. गिटहबला हे जिराला कळवायचं आहे. एक मार्ग असा की जिराने दर थोड्या वेळाने गिटहबला विचारत राहावं, "काही नवं?" यात बहुतेक वेळा उत्तर "नाही" असंच येतं, आणि गिटहब अशा विचारणांवर मर्यादाही घालतं: ओळख न देता तासाला ६०, ओळख देऊन साधारण ५,०००. दुसरा मार्ग वेबहुकचा. आपण गिटहबला आधीच एक पत्ता देऊन ठेवतो. काही घडलं की गिटहब स्वतःहून त्या पत्त्यावर माहितीचा एक गठ्ठा पाठवतं. त्यात कुणी, कुठल्या शाखेत, कोणता बदल, कोणत्या संदेशासह टाकला हे सगळं असतं. तो वाचणारा प्रोग्राम संदेशात केळी-१२ शोधतो आणि जिरातल्या त्या तक्रारीवर नोंद करतो. जिरा आणि गिटहबला जोडणारी तयार ॲप मिळतात, त्यामुळे हे काम हाताने लिहावं लागतंच असं नाही. पण आत काय चालतं हे ठाऊक असलं की बिघडल्यावर कुठे बघायचं ते समजतं.

बिघडतं बरंच. त्या पत्त्यावर कुणीही खोटा गठ्ठा पाठवू शकतो, म्हणून गिटहब आणि आपला प्रोग्राम यांच्यात एक गुप्त शब्द ठरवून ठेवतात. गठ्ठ्याच्या मजकुरावर त्या शब्दाने गणित करून एक सही काढली जाते, आणि आपला प्रोग्राम तेच गणित करून सही जुळते का पाहतो. जुळली नाही तर गठ्ठा फेकून द्यायचा. तयार ॲप घेतलं तर ही पडताळणी ते स्वतः करतं. हाताने लिहिणारे मात्र "नंतर करू" म्हणून ती सोडतात. असं कधीही करू नये. तो गुप्त शब्द आणि जिरात लिहिण्याची परवानगी देणारं टोकन कोडच्या फाइलमध्ये लिहिणं ही त्याहून मोठी चूक. कोड सार्वजनिक झाला की किल्लीही सार्वजनिक होते, आणि गिट जुनी आवृत्ती विसरत नसल्याने ओळ पुसूनही किल्ली इतिहासात राहते. अशी किल्ली रद्द करून नवी घेण्याशिवाय उपाय नाही.

दुसरा बिघाड निरोप हरवण्याचा. गठ्ठा पाठवल्यावर १० सेकंदांत उत्तर आलं नाही तर गिटहब तो प्रयत्न फसला असं धरतं, आणि फसलेला गठ्ठा आपोआप पुन्हा पाठवत नाही. जेऊरच्या त्या गटाचा सर्व्हर एखाद्या खोलीतल्या संगणकावर असेल आणि दुपारी वीज गेली, तर त्या वेळचे निरोप गेले ते गेले. म्हणून वेबहुकवर पूर्ण भरवसा न ठेवता रात्री एकदा दोन्ही वह्या ताडून पाहणारा छोटा प्रोग्राम चालवावा: आज कोडमध्ये ज्या ज्या क्रमांकांचे बदल आले, त्या सगळ्यांची नोंद जिरात आहे का? बँका रोज रात्री जमाखर्चाचा मेळ घालतात तो याच कारणासाठी. दुसऱ्या बाजूने, हाताने पुन्हा पाठवलेला गठ्ठा दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून गिटहब प्रत्येक गठ्ठ्याला वेगळी ओळख देतं. ती पाहिलेली असेल तर नोंद करायची नाही.

तिसरा बिघाड फेऱ्यात अडकण्याचा आहे. जोडणी दोन्ही बाजूंनी केली, म्हणजे जिरातला शेरा गिटहबवर आणि गिटहबवरचा जिरात, की पहिला बॉट शेरा लिहितो, दुसऱ्याला तो नवा शेरा वाटतो, तो परत पाठवतो, आणि तासाभरात त्या तक्रारीखाली शेकडो सारख्या ओळी जमतात. बॉटसाठी वेगळं खातं ठेवावं आणि त्या खात्याने लिहिलेल्या मजकुराकडे दोन्ही बाजूंनी दुर्लक्ष करावं, म्हणजे फेरा तुटतो. गिटहबने स्वयंचलित कामांच्या आपल्या ॲक्शन्स या यंत्रणेत हीच काळजी घेतली आहे: तिथलं अंगभूत टोकन वापरून केलेला बदल सहसा नवी ॲक्शन सुरू करत नाही.

'बंद' कधी म्हणायचं

जोडणी चालू झाली की पुढचा मोह अनावर असतो: संदेशातल्या एका शब्दाने तक्रार बंदच करून टाकायची. गिटहबवर क्लोज, फिक्स आणि रिझॉल्व्ह या क्रियापदांची मिळून ९ रूपं ओळखली जातात. त्यापैकी कोणतंही रूप तक्रारीच्या क्रमांकाआधी लिहिलं आणि बदल मुख्य शाखेत मिसळला, की ती तक्रार आपोआप बंद होते. जिरामध्येही संदेशातूनच शेरा लिहिता येतो, लागलेला वेळ नोंदवता येतो, तक्रारीची स्थिती बदलता येते. अट एवढीच की कमिट करणाऱ्याचा ईमेल पत्ता जिरातल्या त्याच्या खात्याशी जुळला पाहिजे.

प्रोग्रामर मंडळींना हे फार आवडतं. माझं मत वेगळं आहे. तक्रार करणारा प्रोग्रामरच असेल तर ठीक. पण केळीच्या व्यापाऱ्याची तक्रार मुख्य शाखेत मिसळल्यावर बंद करणं चूक आहे. त्याच्या फोनवर जुनंच ॲप आहे, पावती अजूनही चुकते आहे, आणि त्याला निरोप मिळतो की तक्रार निकाली निघाली.

फेडोरा या लिनक्सच्या मंडळींनी हा प्रश्न चांगला सोडवला, आणि त्यात मराठीचाही संबंध येतो. लोहित हे भारतीय लिप्यांचे मुक्त फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये खुले केले. पुढे त्यांची देखभाल करण्यात कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा राहिला. २०११ मध्ये ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले. देवनागरी फॉन्टमध्ये मराठीच्या गरजा वेगळ्या असतात: ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीहून निराळी, आणि 'खऱ्या', 'पुऱ्या' यांतला अर्धा र फॉन्टमध्ये खास नियम लिहिल्याशिवाय उमटत नाही. अशा फॉन्टमधली चूक रेड हॅटच्या बगझिलावर नोंदवली जाते आणि फॉन्टच्या पॅकेजच्या बदलांच्या यादीत तिचा क्रमांक लिहिला जातो. पण तेवढ्याने ती बंद होत नाही. दुरुस्त पॅकेज बोधी नावाच्या यंत्रणेत जातं, त्यासोबत तक्रारींचे क्रमांक जोडले जातात. पॅकेज चाचणीच्या भांडारात गेलं की बोधी बगझिलावर तक्रारीची स्थिती 'चाचणीवर' अशी करतं आणि तक्रार करणाऱ्याला कळवतं की हे घ्या, वापरून पाहा. वापरणारे बरं-वाईट मत देतात, त्याला तिथे कर्मा म्हणतात. पुरेसा कर्मा मिळाला किंवा ठरलेले दिवस उलटले की पॅकेज सर्वांसाठी खुलं होतं, आणि तेव्हा बोधी तक्रार बंद करतं. बंद होण्याचा क्षण दुरुस्ती लिहिण्याशी नाही, ती लोकांच्या हातात पोचण्याशी बांधलेला आहे.

लिब्रेऑफिसही असंच करतं. त्यांची तक्रारवही बगझिला, कोड गेरिटवर. बदल मिसळला की बॉट तक्रारीखाली लिहितो की दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत येईल, रोजच्या चाचणी आवृत्तीत ती एक-दोन दिवसांत मिळेल, आणि ज्यांना त्रास होत होता त्यांनी वापरून पाहून कळवावं. यंत्राने लिहिलेला मजकूर असूनही तो तक्रार करणाऱ्याला उद्देशून आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

वही बदलली तर

कोड आणि तक्रारी ठेवायच्या जागा कायमच्या नसतात. गूगल कोड २०१६ मध्ये बंद झालं. फेडोराचं फेडोराहोस्टेड २०१७ मध्ये. लोहितच्या त्या काळातल्या फॉन्ट फाइलमध्ये स्वामित्वहक्काच्या ओळीतच फेडोराहोस्टेडवरचा पत्ता लिहिलेला आहे. तो फॉन्ट बसवलेल्या संगणकांवर तो पत्ता आजही आहे, त्या पत्त्यावरची मूळ जागा नाही. जोडणी पत्त्यांवर उभी केली की हे होतं. क्रमांकांवर उभी केली तर वाचवता येतं, आणि ते कसं हे दोन मोठ्या स्थलांतरांत दिसलं.

विकिमीडिया २०१४ च्या नोव्हेंबरात बगझिलावरून फॅब्रिकेटरवर गेलं. तेव्हा त्यांनी प्रत्येक जुन्या क्रमांकात २,००० मिळवले. बगझिलातली पहिली तक्रार फॅब्रिकेटरवर टी२००१ झाली, शंभरावी टी२१००. जुन्या कोडच्या संदेशात जुना आकडा सापडला की तोंडी बेरीज करून नवी तक्रार उघडता येते. या साध्या निर्णयाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पायथॉन या भाषेच्या मंडळींना हे शक्य नव्हतं. त्यांनी कोड २०१७ च्या फेब्रुवारीत गिटहबवर नेला, तक्रारवही मात्र आपली जुनीच ठेवली. पाच वर्षं दोन्ही वह्या वेगळ्या ठिकाणी चालल्या. प्रत्येक बदलाच्या शीर्षकात 'बीपीओ' आणि जुन्या वहीतला क्रमांक लिहिणं बंधनकारक होतं. बेडेव्हिअर नावाचा बॉट ते तपासायचा आणि क्रमांक नसेल तर लाल खूण करायचा. शुद्धलेखनासारख्या किरकोळ दुरुस्त्यांना सवलत होती. २०२२ च्या एप्रिलमध्ये तक्रारीही गिटहबवर आल्या. पण गिटहबवर तक्रारी आणि बदलांचे प्रस्ताव एकाच क्रममालेत मोजले जातात, आणि पाच वर्षांत प्रस्तावांनी हजारो आकडे आधीच वापरले होते. जुने क्रमांक ठेवता आले नाहीत, प्रत्येक तक्रारीला नवा मिळाला. म्हणून जुनी वही त्यांनी पुसली नाही. ती वाचनापुरती उघडी ठेवली आणि तिच्यातल्या तक्रारींवरून नव्या जागी जाण्याची सोय केली. बीपीओ लिहिलेले हजारो जुने संदेश त्यामुळे आजही अर्थपूर्ण आहेत.

सगळं एका छताखाली आणलंच पाहिजे असंही नाही. फायरफॉक्सने २०२५ मध्ये आपला कोड गिटहबवर नेला, तक्रारी मात्र १९९८ मध्ये जन्मलेल्या बगझिलावरच ठेवल्या. फायरफॉक्सच्या जवळपास प्रत्येक बदलाच्या संदेशाची सुरुवात 'बग' या शब्दाने आणि क्रमांकाने होते. ही सवय इतकी मुरलेली आहे की कोडची जागा बदलली तरी धागा तुटला नाही.

जेऊरच्या त्या काल्पनिक गटासारखे खरे गट आज महाराष्ट्रातल्या अनेक तालुक्यांच्या गावी आहेत: कुणी दूध संघासाठी, कुणी शाळेसाठी, कुणी पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर लिहितं. त्यांना एक सांगणं आहे. तयार ॲप, वेबहुक, बॉट हे पुढे सवडीने येईल. आज फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेली प्रत्येक तक्रार एका वहीत नोंदवा, मग ती गिटहबच्या आतली वही असो की साधा तक्ता, आणि तिला क्रमांक द्या. तो क्रमांक कमिटमध्ये लिहायची सक्ती स्वतःवर करून घ्या, आणि दुरुस्ती ज्याच्या फोनवर पोचायची त्याच्यापर्यंत पोचली की त्याला तोच क्रमांक सांगून कळवा. आणि तुम्ही वापरणारे असाल, मराठी विकिपीडियावर, लिब्रेऑफिसमध्ये, एखाद्या फॉन्टमध्ये तुम्हाला चूक दिसली असेल, तर मनात कुढत बसू नका. या प्रकल्पांच्या तक्रारवह्या सर्वांना खुल्या आहेत, खातं उघडायला पैसे लागत नाहीत. तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.